किल्ले लोहगडी स्टोव्हास आडोसा जाहला त्याची हकिकत

अग्निदेवतेस वंदन, आणि वायुदेवतेस त्याहून अधिक वंदन, कारण या हकिकतीत भय त्याचेच थोर. शके एकोणीसशे दोन, रौद्रनाम संवत्सरे, मार्गशीर्षापासून माघापर्यंत निगडी, चिंचवड आणि पवन मावळ या मुलखात जे वर्तमान घडले, ते लहानथोरांस कळावे म्हणोन यथास्थित लिहिले आहे. संवत्सराचे नावच रौद्र, तेथे वाऱ्यास दोष काय द्यावा?

पूर्वी अठरा कारखाने म्हणजे राजाचे वैभव म्हणत. हल्ली पिंपरी-चिंचवडास कारखान्यांची गणतीच राहिली नाही आणि भोंगे इतके जाहले की कोणता भोंगा कोणास बोलावतो हे रयतेस कळेनासे जाहले. ऐशा मुलखात, निगडी प्राधिकरणी, दोन खोल्या आणि एक गॅलरी इतक्या संस्थानाचे अधिपती राजश्री ज्योतीराम नांदत होते. मूळचे मराठवाड्याच्या सपाटीवरील. चाकरीनिमित्त इकडे येऊन एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरीचे कारकून जाहले. लेखणीत तरबेज, परंतु हत्यारास हात लावला की हत्यार फितूर होई. खिळा ठोकावयास बसले तर अंगठा ठोकला जाई आणि खिळा जागेवर अबाधित राही. त्यांचे कुटुंब सौभाग्यवती मंजुळाबाई पवन मावळातील, आणि मंजुळाबाईंच्या मातुश्री तानुबाई, ज्यांच्या शब्दापुढे त्या खोऱ्यात पाटीलही पागोटे सावरून उभा राही.

मातुश्रींचे मनी आले की, बाळपणी ज्या लोहगडावर शेरडे राखली तो गड एकवार पाहावा आणि वर बसून कढत चहा घ्यावा. तेव्हा ज्योतीरामांनी छातीवर हात ठेवून चहाची जोखीम आपल्या शिरी घेतली. पुण्याच्या जुन्या बाजारातून तीन पाय काढून डब्यात बसणारा एक चिमुकला पितळी स्टोव्ह त्यांनी पूर्वीच पैदा केला होता आणि तो रोज पुसून त्याचे तोंड आरशासारखे ठेवले होते. गडावर गवत वाळलेले, ठिणगी उडता डोंगर पेटेल म्हणोन लाकडांची चूल मांडणे मना. सारी भिस्त स्टोव्हावर. मग गुरुवारची सुट्टी पाहून ज्योतीराम, मंजुळाबाई, मातुश्री आणि थोरले साडू राजश्री धोंडीबा, जे चाकणास कांद्याची अडत करीत, ऐसे चौघे मळवलीस उतरले आणि चढोन गड पावले.

तेथे मोठी शिकस्त जाहली. ज्योतीरामांनी पंप मारावा, काडी ओढावी, आणि वाऱ्याने पवनेकडून दौडत येऊन ज्योत कापून न्यावी. धोतराचा सोगा धरला, छत्री धरली, अखेर आपली पाठ धरली; छत्री उलटी होऊन दरीत गेली आणि पाण्यास साधा बुडबुडा आला नाही. काड्यापेटी रिती जाहली. तेव्हा धोंडीबांनी आपल्या पिशवीत हात घालून हळूच एक लाल थर्मास काढला आणि त्यातून वाफाळता चहा मातुश्रींचे हाती दिला.

"मला वाटलंच होतं," धोंडीबा वदले. "म्हणून घरनंच घेऊन आलो. साडूभाऊ, तुम्ही पण घ्या घोटभर."

मातुश्री चहा प्याल्या आणि ज्योतीरामांकडे पाहोन बहुत मायेने बोलल्या, "जाऊ द्या, जावईबापू. समद्यांला समदं जमत न्हाई."

त्या रागे भरत्या तर ज्योतीरामांनी सोसले असते. परंतु ही माया काळजात जाऊन बसली आणि परतीचे गाडीत ते खिडकीबाहेर पाहत राहिले. त्यात मातुश्रींनी उतरताना गुडघा चोळीत म्हटले होते की, माघात थंडी ओसरली की आणखी एकदा येईन, मग काही माझ्याच्यानं हा गड व्हायचा नाही. ज्योतीरामांनी मनाशी ठरविले की माघात वाऱ्याचे पारिपत्य करावे, नाहीतर चाकणच्या थर्मासापुढे जन्मभर मान खाली घालावी.

मसलतीस आरंभ जाहला. वाऱ्यास आडोसा पाहिजे. आणि तो आडोसा पाठीवरील पिशवीत मावला पाहिजे, कारण गडावर भिंत उचलून नेता येत नाही. प्रथम पुठ्ठ्याचे खोके कापून स्टोव्हाभोवती उभे केले. पुठ्ठ्याने वारा उत्तम अडविला आणि मग स्वतःच पेट घेतला. त्या धामधुमीत ज्योतीरामांच्या मिशीचा डावा बुरूज ढासळला. दुसऱ्या दिवशी टाइम ऑफिसात विचारपूस होऊ लागली, तेव्हा दाढी करताना हात चुकला ऐसे जाहीर करून त्यांनी उजवा बुरूजही स्वहस्ते पाडला.

दुसरे वेळी मुदपाकखान्यावर स्वारी करून मंजुळाबाईंचा गोडेतेलाचा डबा, ज्यात ज्वारीचे पीठ होते, तो रिता केला आणि कात्रीने चिरून, वाकवून स्टोव्हाभोवती घट्ट वेढा दिला. हवेस रीघ नाही, ऐसा बळकट वेढा. ज्योत सरळ उभी राहिली आणि ज्योतीराम हर्षले. परंतु वेढ्यातील उष्मा कोंडून स्टोव्हाची टाकी इतकी तापली की तो तोफेसारखा गर्जू लागला. मंजुळाबाई धावत आल्या.

"अहो, चावी सोडा! हवा काढा त्याची! घर उडवताय का आता?"

चावी सोडली, हवा फुसकन गेली, संस्थान वाचले. मग मंजुळाबाईंनी पातेल्यात ओतलेल्या पिठाकडे पाहिले, चिरलेल्या डब्याकडे पाहिले, आणि बिनमिशांच्या पतीकडे पाहोन त्यांस हसू आवरेना. हसणे सरल्यावर त्यांनी विचारले, "एवढं कशासाठी चाललंय?" तेव्हा ज्योतीराम खाली पाहोन बोलले, "मामींना एक कप चहा करून द्यायचाय. आपल्या हातानं." त्या दिवसापासून मंजुळाबाईही मोहिमेत सामील जाहल्या.

पुढे एके दिवशी त्या खोकल्याचे औषध आणण्यास दवाखान्यात गेल्या असता, डॉक्टर ज्याआड बायकांस सुई टोचीत तो घडीचा पडदा त्यांनी पाहिला. घरी येऊन त्यांनी फर्मावले की, पत्रा वाकवू नये. पत्र्याची पाखे करावी आणि दवाखान्यातील पडद्याप्रमाणे एकास एक जोडावी, म्हणजे उभी केली की भिंत आणि मिटली की पोथी. ज्योतीरामांनी कपाळास हात लावला आणि म्हणाले की, हे आम्हांस का सुचले नाही? बाईसाहेबांनी उत्तर दिले, "तुम्ही दवाखान्यात डोळे मिटून बसता, म्हणून."

मग डब्याची पाच पाखे जाहली. कडा दुमडून ठोकल्या, म्हणजे बोट कापू नये; हे ठोकण्याचे काम बाईसाहेबांनी आपणाकडे घेतले आणि ज्योतीरामांचे अंगठ्यास अभय मिळाले. कडेस भोके पाडून तारेची कडी ओवली. खालच्या अंगास हवेकरिता झरोके ठेविले आणि एक बाजू उघडी सोडली, म्हणजे स्टोव्हाचा श्वास कोंडू नये. दोन टोकांस सायकलच्या चाकातील आऱ्या बसविल्या, ज्या भुईत रोवाव्या. मिटला की आडोसा चहाच्या डब्याशेजारी पिशवीत जाऊन बसे.

आता परीक्षा पाहिजे, आणि निगडीत पवन मावळचा वारा कोठून आणावा? तेव्हा शेजारच्या केसरबाईंकडे वकील पाठवून त्यांचा टेबलफॅन उसना आणिला, गॅलरीत मांडिला आणि त्यास शत्रूचा वेष दिला. फॅन एकावर सोडला, दोनावर सोडला, तीनावर सोडला. वाळत घातलेला केसरबाईंचा परकर उडोन खालच्या मजल्यावर गेला, परंतु ज्योत हलली नाही आणि पातेल्यातील पाणी खळखळून उकळले. केसरबाई दारात उभ्या राहोन म्हणाल्या, "अहो भाऊ, घरात गॅस असताना गॅलरीत पंखा लावून चहा?" त्यांसही एक कप देऊन त्यांचे तोंड बंद केले.

माघ शुद्ध पक्षी दुसरी स्वारी निघाली. मातुश्री काठी टेकीत, जागोजाग बसत चढल्या. धोंडीबांचे खांद्यास लाल थर्मास लटकत होता आणि ते वारंवार त्यावर हात फिरवीत. वर येताच वाऱ्याने असा हल्ला केला की मातुश्रींचा पदर निशाणासारखा फडकू लागला. ज्योतीरामांनी पिशवीतून आडोसा काढून उलगडला, तो पाहोन धोंडीबांचे तोंडचे पान चघळावयाचे थांबले. परंतु आऱ्या रोवावयास गेले तो खाली अखंड कातळ! आरी वाकली, आडोसा पहिल्याच झोतात पालथा जाहला आणि खडखडत तटाकडे चालला. मंजुळाबाईंनी झडप घालून तो धरला. ज्योतीरामांचा धीर खचला. निगडीच्या गॅलरीत सर्व विचार केला, परंतु गड दगडाचा असतो इतका केला नाही.

धोंडीबांनी थर्मासाचे झाकण फिरवावयास घेतले, तो मातुश्री कडाडल्या, "ऱ्हाऊ द्या ते, धोंडीबा! थांबा जरा." आणि काठीने कातळ ठोकीत ज्योतीरामांस म्हणाल्या, "आवं जावईबापू, गडावर का दगडांचा दुकाळ हाय व्हय? ठिवा की पायाला. आन तोंड असं न्हाई, हिकडं करा. वारा पवनेकडनं येतोय."

आज्ञा होताच ज्योतीरामांनी दगड वेचले, प्रत्येक पाखाचे पायथ्याशी चौकी बसविली आणि उघडे तोंड वाऱ्यास पाठ करून फिरविले. मग पंप मारला, काडी ओढली. वारा आला, पाखांवर आदळला, चहूकडे शोधीत फिरला, आणि आत ज्योत निळी, निश्चळ, गुरगुरत राहिली. पाण्यास प्रथम बारीक बुडबुडे आले, मग थोर आले, मग आल्याचा वास सुटला. ज्योतीरामांनी थेंब न सांडता कप मातुश्रींचे हाती दिला.

मातुश्रींनी घोट घेतला. दूर पवनेच्या पाण्याकडे, जेथे धरणाखाली त्यांची जुनी शेते गेली होती, तेथे पाहत त्या निवांत प्याल्या, आणि कप रिता करून पुढे केला. दुसराही प्याल्या. मग कमरेची पिशवी सोडून त्यातून बेसनाची पुरचुंडी, मिरच्या आणि लसूण काढला आणि ज्योतीरामांस फर्मावले, "सरा तिकडं. आता मी बसते."

आणि किल्ले लोहगडी, भर वाऱ्यात, पिठले रटरटू लागले. भाकरी सोबत होतीच. धोंडीबांनी दोनदा मागून घेतले आणि बोटे चाटीत कबूल केले, "साडूभाऊ, थर्मासात काय पिठलं व्हत न्हाई."

येणेप्रमाणे माघ शुद्ध पक्षी, गुरुवारी, दोन प्रहरी वारा शिकस्त होऊन चहा आणि पिठले या दोन्ही ठाण्यांवर फत्ते जाहली. लुटीची वाटणी करावयाचे वेळी मातुश्रींनी आडोसा पदराने पुसला, मिटला आणि काखेस मारला, की आमच्या परसातल्या चुलीस वारा लागतो, हा आमच्याकडे राहील. यावर अपील चालले नाही. विजयी वीर रिकामी पिशवी खांद्यास टाकून, पुढे चाललेल्या म्हातारीच्या काखेतील पत्र्याची चकाकी पाहत गड उतरले, आणि मळवलीपर्यंत शीळ घालीत होते. निगडीस पोहोचताच मंजुळाबाईंनी आणखी एक डबा रिता करण्याची परवानगी दिली. लेखनसीमा.