डिकीतल्या बावीस रेघा

वर्लिन हुक्स्ट्राने १९६९ सालची ती नारिंगी, दांडग्या इंजिनाची मसल कार विकत घेतली तेव्हा एकच गोष्ट ठरायची बाकी होती. तिला कारखान्यातून निघाली तशी नवीकोरी करायची, की सांगाडा ठेवून बाकी सगळं उपटायचं आणि रेसच्या पट्टीवर पळवायची. विचार करायला थोडा वेळ लागेल, असं तो बायकोला म्हणाला होता. त्याला आता सव्वीस वर्षं झाली होती. मराठीत याला भिजत घोंगडं म्हणतात, पण इथे घोंगडं गॅरेजात अगदी कोरडं होतं. भिजत होती ती आर्लीन.

मिशिगनमधल्या घरात गॅरेज एकच असलं आणि त्यात नवऱ्याचा विचार उभा असला, की बायकोची गाडी बाहेर राहते. आर्लीन शाळेच्या ऑफिसात कामाला होती. हिवाळ्यात रोज सकाळी सहाला उठून ती काचेवरचा बर्फ खरवडायची, दाराच्या फटीत गरम पाणी ओतायची आणि मग निघायची. वर्लिन खिडकीतून हात हलवायचा. प्रेमळ माणूस, त्यात वाद नाही.

या सप्टेंबरात मात्र आर्लीन साठीची झाली आणि तिने सांगून टाकलं, की पहिला बर्फ पडायच्या आत ठरव, नाहीतर मी ठरवीन. वर्लिनने ते फारच मनावर घेतलं, म्हणजे लगेच दोन मित्रांना बोलावलं.

ऑरिन हा निवृत्त दातांचा डॉक्टर. जुन्या गाडीचा एक स्क्रू बदलला तरी तो घरात कोणी गेल्यासारखा चेहरा करायचा. लायल हा रेसवाला. गाडीत सीट कशाला लागते, हा प्रश्न त्याला मनापासून पडायचा. दोघांनी शनिवारची अख्खी सकाळ बॉनेट उघडून इंजिनाकडे बघण्यात घालवली. ऑरिन बोलला की वर्लिन म्हणायचा, "खरंय तुझं." लायल बोलला तरी तेच म्हणायचा. इतका समजूतदार माणूस कुठल्याच निर्णयाला पोचत नाही.

शेवटी ऑरिनने तळाला गंज आहे का ते बघायला डिकी उघडली. सव्वीस वर्षांत वर्लिनने ती कधी उघडली नव्हती. या मंडळींच्या लेखी गाडी पुढच्या चाकांपाशीच संपते. डिकीत नाताळच्या दिव्यांचा खोका होता. ऑरिनने तो उचलला, बॅटरी मारून झाकणाच्या आतून बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

झाकणाच्या आत पिवळ्या मेणखडूने रेघा ओढल्या होत्या. चार उभ्या आणि त्यांना छेदणारी पाचवी, असे चार जुडगे आणि वर सुट्या दोन.

आता कारखान्यात तपासनीस लोक प्रत्येक गाडीवर खडूने खुणा करायचे, हे खरं आहे. नव्या केलेल्या गाडीवर त्या खुणा पुन्हा हुबेहूब काढण्यात या लोकांचे महिनेच्या महिने जातात. पण बावीस खुणा कोणी पाहिल्या नव्हत्या. ऑरिनच्या मते, बावीसदा तपासलेली गाडी एखाद्या बड्या साहेबासाठीच बनलेली असणार, तेव्हा तिच्यावरची धूळसुद्धा पुसायची नाही. लायलच्या मते, बावीसदा तपासतात ते फक्त रेसचं इंजिन, तेव्हा उद्याच पट्टीवर नेऊ. पुरावा एक, निकाल दोन, आणि वर्लिनला दोन्ही पटले.

तेवढ्यात आर्लीन कॉफी घेऊन आली. डिकी उघडी बघून ती म्हणाली, "अरे वर्लिन, त्या रेघा ना—"

"आर्लीन, हात लावू नकोस," वर्लिन म्हणाला. "यातलं तुला नाही कळायचं."

आर्लीनने कॉफी ठेवली आणि ती आत गेली. तिला खरंच काही कळत नसावं, कारण ती एक शब्दही बोलली नाही.

पुढे सगळं रीतसर झालं. रेघांचे फोटो जुन्या गाड्यांच्या क्लबला गेले. तीन राज्यांतून पत्रं आली आणि तिघा जाणकारांनी तीन वेगवेगळे साहेब शोधून काढले. खडूला दमट हवा बाधते म्हणून गॅरेजात हीटर आला. हादरे नकोत म्हणून तिथला आर्लीनचा डीप फ्रीझर मागच्या ओसरीवर गेला. ऑक्टोबरच्या प्रदर्शनात "हात न लावलेल्या गाड्या" या गटात गाडी उतरवायची ठरली. बक्षीस मिळालं तर ती कायम गॅरेजातच, अगदी आहे तशी ठेवायची, असं वर्लिनने जाहीर केलं. सव्वीस वर्षांत त्याचा हा पहिलाच ठाम निर्णय होता, आणि तो काहीही न करण्याचा होता.

प्रदर्शनाच्या दिवशी उघड्या मैदानात तीन परीक्षक आले, पांढरे हातमोजे घालून. मुख्य परीक्षक भिंगातून रेघा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हात एकाच माणसाचा आहे. सोशिक माणूस. कामात खंड नाही. अशी माणसं आता मिळत नाहीत."

वर्लिनने अभिमानाने मान डोलावली. ऑरिनने डोळे टिपले. तेवढ्यात वरून बर्फाचे चार कण भुरभुरले, त्या वर्षीचे पहिले. आर्लीनने वर पाहिलं, पर्स उघडली, चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या पोरांसाठी ठेवलेला पिवळा मेणखडू काढला, परीक्षकांच्या मधून वाकली आणि सुट्या दोन रेघांशेजारी तिसरी ओढली.

मुख्य परीक्षकांना धरून खुर्चीवर बसवावं लागलं.

"बाई, हे काय केलंत?"

"तेवीस," आर्लीन म्हणाली. "दर वर्षी दिवे काढायला डिकी उघडते, तेव्हा एक ओढते. माझी गाडी बाहेर राहिली, असा एक हिवाळा. या वेळी दिव्यांची वाट नाही बघितली."

जाणकार माणसांना मात्र असं सहज फसवता येत नाही. त्यांनी वीस मिनिटं विचारविनिमय केला आणि लेखी निकाल दिला, की बावीस खुणा अस्सल कारखान्यातल्या असून तेविसावी मालकाच्या पत्नीने केलेली नासधूस आहे. गाडी गटातून बाद झाली. ऑरिन आर्लीनशी न बोलता घरी गेला. लायल म्हणाला, आता काय, चला पट्टीवर.

वर्लिनने त्याचं ऐकलंच नाही. तो डिकीशी उभा राहून बोटाने रेघा मोजत होता. मोजून झाल्यावर त्याने पुन्हा मोजल्या.

"पण गाडी घेऊन तर सव्वीस वर्षं झाली," तो म्हणाला.

"पहिली चार मी मोजलीच नाहीत. तेव्हा वाटायचं, तू ठरवशील."

यावर वर्लिनला "खरंय तुझं" असं म्हणता आलं नाही. घरी आल्यावर त्याने नारिंगी गाडी अंगणात उभी केली, तिच्यावर ताडपत्री बांधली आणि आर्लीनची गाडी स्वतः आत लावली. फ्रीझरही परत आत आणला. त्या हिवाळ्यात रोज सकाळी तो खिडकीत यायचा, ताडपत्रीवर साचलेला बर्फ बघायचा आणि त्याचा जीव कासावीस व्हायचा. आर्लीन कोरड्या गाडीतून निघताना त्याच्याकडे बघून हात हलवायची, तीही प्रेमानेच.

मार्चमध्ये बर्फ वितळला. किराणा ठेवायला आर्लीनने आपल्या गाडीची डिकी उघडली, तर झाकणाच्या आत पिवळ्या खडूची एक रेघ. थोडी वाकडी, नवशिक्या हाताची.

तिने पुसायला रुमाल काढला, पण मग राहू दिली. अस्सल खुणेला हात लावायचा नसतो, एवढं तिला आता कळू लागलं होतं. गाडी नवीकोरी करायची की पळवायची, ते मात्र अजून ठरायचं आहे. वर्लिन म्हणतो, थोडा वेळ लागेल.