फुकटाचा भाव

दुकानदाराने सांगितलेल्या भावात वस्तू घेणं आणि चालत्या गाडीतून पैसे बाहेर फेकणं, यात भाऊजींच्या लेखी काहीच फरक नव्हता. कारखान्याच्या खरेदी विभागात त्यांची उभी हयात गेली होती. बोल्ट असो की बॉयलर, आधी तीन ठिकाणांहून कोटेशन मागवायचं, मग तिन्ही ठिकाणच्या माणसांना एकाच बाकावर शेजारी शेजारी बसवायचं आणि आपण आत जाऊन सावकाश चहा प्यायचा, ही त्यांची पद्धत. चहा संपेपर्यंत भाव आपोआप खाली येई. निवृत्तीनंतर ही विद्या वाया जाणार म्हणून ते हळहळत होते. ती वाया जावी अशी घरच्यांची फार इच्छा होती, पण तेवढ्यात मेहुण्याने कंपनी काढली.

कंपनी म्हणजे इस्त्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत टेबलं, आतल्या खोलीत चहाचं सामान आणि सर्व्हरचं कपाट. दुपारी खालच्या इस्त्र्या तापल्या की वरची फरशी पायाला कोमट लागायची. मेहुणा प्रोग्राम लिहायचा आणि त्याची थोरली बहीण, म्हणजे भाऊजींची बायको, खेळातली चित्रं काढायची. ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत. एकदोनदा बोलण्याच्या भरात भाऊजीही म्हणून गेले होते, आणि ते तिने अजून विसरलेलं नाही.

खेळ होता होड्यांचा. ज्याने त्याने आपली होडी घ्यायची, या घाटावरचा माल त्या घाटावर विकायचा आणि धंदा वाढवायचा. त्यातला एक नियम मेहुण्याचा फार लाडका होता. भरल्या होडीनिशी कोणी मधूनच खेळ सोडून गेला, तर त्याची होडी प्रवाहात वाहत राहायची आणि जवळ असेल त्याने तिच्यातला माल बिनधास्त उचलायचा. जायचं तर आधी होडी घाटाला बांधून जा. जगात असंच असतं, असं मेहुण्याचं म्हणणं.

या खेळासाठी त्याने चांगली पक्की नोकरी सोडली होती, आणि आता हाताशी फार दिवस उरले नव्हते. एका मोठ्या कंपनीने खेळ उचलला तर ठीक, नाहीतर मान खाली घालून जुन्या साहेबासमोर उभं राहायचं, हे त्याला दिसत होतं. ताईलाही दिसत होतं. म्हणून ती हल्ली घाटांच्या पायऱ्या पुन्हा पुन्हा रंगवत बसायची.

भाऊजी भागीदार होते. त्यांनी एक दिवस सहज विचारलं की कोणाची होडी कुठे आहे, कोणाकडे किती माल आहे, हे सगळं लक्षात कोण ठेवतं? मेहुण्याने सांगितलं, डेटाबेस नावाचं सॉफ्टवेअर ठेवतं. ते कितीला घेतलं? फुकट. जगभरातले लोक मिळून बनवतात आणि कोणीही वापरावं म्हणून देतात.

भाऊजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बिघडलं तर ओरडायचं कोणावर?"

मेहुण्याने बरंच समजावलं. इतक्या दिवसांत एकदाही बिघडलं नाही, मोठमोठ्या कंपन्या हेच वापरतात वगैरे. पण भाऊजींचा प्रश्न बिघडण्याचा नव्हताच, ओरडण्याचा होता. ज्या मालाला विकणारा नाही त्याची खरेदी कशी होणार? त्यांनी त्याच दुपारी रीतीप्रमाणे तीन कोटेशनं मागवली. दोन विकणाऱ्यांकडून आणि तिसरं त्या फुकटवाल्यांकडून. फुकटवाल्यांकडून कोणीतरी सज्जनपणे उत्तर पाठवलं की याला किंमत नाही, आनंदाने वापरा. भाऊजींनी उलट लिहिलं, "आपल्या भावना पोहोचल्या. तरी अखेरचा भाव कळवावा." यावर उत्तर आलं नाही. "बघितलंस? गडबडले," भाऊजी मेहुण्याला म्हणाले.

उरलेल्या दोघांपैकी एक जण टाय लावून प्रत्यक्ष आला, आणि तिथेच त्याचं नशीब फिरलं. भाऊजींनी त्याला बाकावर बसवून चहा प्यायला आत जायचं ठरवलं होतं, पण ऑफिसात बाक नव्हता. मग त्यांनी त्याला जिन्यात बसवलं. घामाघूम होऊन टायवाला वर आला तेव्हा बोलणी सुरू झाली. त्याच्या सॉफ्टवेअरचा परवाना माणसांवर होता. एका वेळी किती माणसं खेळात असतील, तेवढ्यांचे पैसे. हव्या तेवढ्यांचा मोठा परवाना होता, हजारांचा होता, आणि सगळ्यात लहान होता पन्नासांचा.

"साधारण किती जण खेळतात?" त्याने विचारलं.

आता, गिऱ्हाइकाने गरज दाखवली की भाव चढला, हे खरेदीतलं पहिलं सूत्र. भाऊजींनी चेहरा पाडला. "कोण खेळतंय हो! पाचदहा रिकामटेकडी माणसं येतात, होड्या हलवतात आणि जातात."

मेहुण्याने हे ऐकलं आणि तो खिडकीबाहेर बघू लागला. भाऊजींनी मात्र पन्नासांच्या परवान्यावर सूट मिळवली, सुटीवर सूट मिळवली आणि जाता जाता टायवाल्याच्या डोक्यावरची, कंपनीचं नाव छापलेली टोपीही काढून घेतली. पुढचा आठवडाभर मेहुणा खेळ जुन्या डेटाबेसवरून नव्यावर चढवत होता. एक्कावन्नावा आला तर काय करायचं, असं त्याने एकदा विचारलं. भाऊजी टोपी सारखी करत म्हणाले, आधी येऊ तर दे.

तसं म्हटलं तर ते चूक नव्हते. दुपारच्या वेळी नदीवर वीसपंचवीस होड्या असायच्या. सगळी जुनी, पहिल्या दिवसापासूनची माणसं.

मग मोठ्या कंपनीकडून निरोप आला. खेळ निवडणाऱ्या त्यांच्या एक बाई बुधवारी दुपारी स्वतः येऊन, समोर बसून खेळ खेळून बघणार होत्या. मेहुण्याने दाढी केली. ताईने पायऱ्यांना शेवटचा हात दिला. आणि भाऊजींच्या डोक्यात खरेदी विभागातलं दुसरं सूत्र आलं. रिकाम्या दुकानात गिऱ्हाईक शिरत नाही! वीसपंचवीस होड्या म्हणजे नदी की डबकं? त्यांनी कोणाला न सांगता फोन फिरवायला सुरुवात केली. आत्याला सांगितलं, मावशीला सांगितलं, चुलतभावांना, त्यांच्या सुनांना, व्याह्यांना आणि खरेदी विभागातल्या झाडून सगळ्या निवृत्त मित्रांना. मंगळवारी सराव करा, बुधवारी दुपारी हजर राहा, घरचं कार्य समजा.

एरवी बारशाला बोलावलं तरी ज्यांना गुडघे आठवतात, ते सगळे आले.

बुधवारी बाई वेळेवर आल्या. कोमट फरशीचं त्यांना कौतुक वाटलं. त्यांनी आपला लॅपटॉप उघडला, खेळ सुरू केला, आणि पडद्यावर ताईच्या सुंदर अक्षरात पाटी आली, 'नदी भरली आहे. थोड्या वेळाने या.'

"गर्दी दिसते," बाई म्हणाल्या.

मेहुणा चहाच्या निमित्ताने आतल्या खोलीत गेला. मागोमाग भाऊजी आणि ताई. मेहुण्याने तिथल्या पडद्यावर बघितलं तर आत बरोब्बर पन्नास जण होते, आणि त्यातले निम्मे नातेवाईक. त्याचा चेहरा बघून आपल्या हातून काय झालं ते भाऊजींना कळलं, आणि खरं सांगायचं तर क्षणभर त्यांना रडूच आलं. पण खरेदी विभागात रडायची पद्धत नव्हती. त्यांनी फोन उचलला.

पहिला टायवाल्याला. आत्ताच्या आत्ता आणखी पन्नास जण वाढवून दे. टायवाला अतिशय गोड बोलला. म्हणाला, जरूर, उद्याच नवं कोटेशन पाठवतो, घाई करणाऱ्याशी व्यवहार करू नये हे मी तुमच्याकडूनच तर शिकलो. ओरडायला माणूस हवा म्हणून हा परवाना घेतलेला, आणि माणूस फोनवर असून ओरडता येईना!

मग आत्याला. आत्या म्हणाली, निघते की, पण माझी होडी मिठाने भरली आहे आणि शेजारीच तुझी मावशी घिरट्या घालते आहे. मी गेले की ती मीठ उचलणार. मावशीला फोन केला तर तिचं म्हणणं, आधी तिला जाऊ दे. या दोघींचं फार जुनं वाकडं होतं. कधीतरी मावशीने आत्याचा डबा नेला होता, आणि डबा परत आला पण झाकण आलं नाही. ते झाकण आज भर नदीत वर आलं होतं. चुलतभावाने फोनच उचलला नाही. खरेदी विभागातल्या मित्रांनी घाट सोडायच्या बदल्यात काय मिळेल असं विचारलं, आणि त्यांच्यात भाऊजींचीच शिकवण बोलत होती.

"मी जुन्या डेटाबेसवर परत नेऊ शकतो," मेहुणा हळूच म्हणाला. "पण त्याला तासभर खेळ बंद ठेवावा लागेल."

बाहेर बाईंनी घड्याळात बघितल्याचं तिघांनी दारातून बघितलं.

"मग एकाला बाहेर काढ ना," ताई म्हणाली. "एकच जागा हवी आहे."

काढता येत होतं. एक बटण दाबायचं होतं. पण काढायचं कोणाला? जुन्या माणसांना हात लावायला मेहुणा तयार नव्हता. कोणी नव्हतं तेव्हा ती खेळली होती. आत्याला काढलं तर ती जन्मभर ऐकवील, मावशीला काढलं तर आत्या जिंकली असं होईल, व्याह्यांना काढायचं म्हणजे मुलीच्या सासरशी वैर. प्रत्येक नावाला भाऊजींकडे एक कारण होतं, आणि प्रत्येक कारण खरं होतं. "आपणच बोलवायचं आणि आपणच हाकलायचं?" असं त्यांनी विचारलं.

ताई इतका वेळ पडद्यावरची नावं वाचत होती. तिचं बोट एका जागी थांबलं.

"अहो, ही 'खरेदी विभाग' नावाची होडी तुमची ना?"

"हो. कालपासून आहे. फोनवर. लक्ष ठेवायला."

"आणि ही खाली 'खरेदी विभाग दोन'?"

चहाच्या सामानाशेजारी भाऊजींचा लॅपटॉप उघडाच होता. एका होडीने लक्ष ठेवायचं आणि दुसरीने धंदा करायचा, असा त्यांचा बेत होता. रोज खेळणाऱ्यांनाही जमला नव्हता एवढा माल त्यांनी एका दिवसात घासाघीस करून जमवला होता. मीठ, दोरखंड, तांब्याची भांडी. होडी काठापर्यंत भरून मधल्या धारेत उभी होती, आणि घाट लांब होता.

"बांधून येऊ का? जरा वेळच लागेल," भाऊजी म्हणाले.

ताईने फक्त त्यांच्याकडे बघितलं. भाऊजींनी डोळे मिटले आणि लॅपटॉप बंद केला.

बाहेर बाईंच्या पडद्यावरची पाटी गेली आणि नदी उलगडली. पायऱ्यापायऱ्यांचे घाट, संथ पाणी, होड्याच होड्या. बाई बघत राहिल्या. आणि मग त्यांना अगदी समोर, बिनमालकाची, काठोकाठ भरलेली एक होडी वाहत येताना दिसली.

"हिचं काय करायचं?"

"घ्यायचं," मेहुणा म्हणाला. "नियम आहे."

बाईंनी मीठ घेतलं, दोरखंड घेतले, तांब्याची भांडी एकेक करून घेतली. तिकडून आत्या आणि मावशी दोघी वल्ही मारत येत होत्या, त्यांना काही मिळालं नाही. बाई मोठ्याने हसल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या. भाऊजी दाराशी उभे राहून एकेक भांडं जाताना बघत होते. परतायच्या वेळी बाईंच्या ड्रायव्हरचा फोन आला, तर बाई म्हणाल्या, थांबा जरा, माझी होडी भरलेली आहे.

खेळ त्यांनी घेतला. मेहुण्याने आधी ताईकडे बघितलं आणि मग चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता. बाईंची एकच अट होती. त्यांचे सगळे खेळ त्या फुकटच्या डेटाबेसवर चालत, तेव्हा हाही तिथेच न्यावा लागेल.

"पण बिघडलं तर ओरडायचं कोणावर?" भाऊजींना राहवलं नाही.

"माझ्यावर ओरडतात," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी टोपी घालून खाली इस्त्रीवाल्याच्या दुकानात उभे होते. एक शर्ट इस्त्रीला द्यायचा तर हा माणूस त्यांच्याशी रोज दहा वाक्यं लढत असे, तेव्हा कदर करणारा तोच. भाऊजींनी त्याला सांगितलं की टायवाल्याने काय भाव सांगितला होता, कसा कसा खाली आणला, आणि शेवटी तोच माल दुसरीकडून थेट शून्यावर कसा आणून सोडला. मेहुण्याला एवढं जमलं नसतं.

इस्त्रीवाल्याने कॉलरवर पाणी शिंपडलं. "शून्यावर थांबलात?"

"म्हणजे?"

"नाही, एवढे उतरले म्हणजे अजून थोडं ताणलं असतं तर..." आणि त्याने कॉलरवरून इस्त्री फिरवली.

भाऊजी हसले आणि वर निघाले. अर्ध्या जिन्यात, जिथे टायवाल्याला बसवलं होतं तिथेच, ते थबकले. दुपारी ताई चहा घेऊन आली तेव्हा ते मन लावून फुकटवाल्यांना मेल लिहीत होते. तिने त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

'आपला माल घेण्याचं निश्चित केलं आहे. तरी अखेरचा भाव कळवावा.'