सावली प्रस्तावित

रकाना १. प्रेक्षागृहाची क्षमता : बाराशे.

रकाना २. गेल्या रविवारची उपस्थिती : चार.

चार लिहून स्वानंद थांबला. त्या चारांत एक तो स्वतः होता. दोघे मॅट पुसायला आले होते. चौथा बसची वाट बघून कंटाळला आणि आत येऊन झोपला होता. तरी त्याने आकडा खोडला नाही. चार म्हटलं की निदान एक कुटुंब आल्यासारखं वाटतं.

हिरडवाडीचं क्रीडा संकुल बांधून दीड वर्ष झालं होतं. बिनछताची गोल गॅलरी, निळ्या खुर्च्या, कबड्डीची रबरी मॅट, खेळाडूंना कपडे बदलायला खोली आणि त्या खोलीला कुलूप. कंत्राटी व्यवस्थापक स्वानंद औंढेकर रोज हिंगोलीहून मोटारसायकलवर यायचा, कुलूप जागेवर आहे हे बघायचा आणि परत जायचा. आज सकाळी जिल्ह्याच्या क्रीडा कचेरीतून साहेबांचा फोन आला.

"औंढेकर, पुढच्या रविवारी मी पाहणीला येतोय. गॅलरी भरलेली दिसली पाहिजे."

"सर, लोक सामने बघायला खालच्या मैदानावर जातात."

"का?"

"माहीत नाही, सर."

"म्हणून तर फॉर्म पाठवलाय. गॅलरी रिकामी दिसली तर संकुल गोदामाला द्यायचं ठरलंय. आणि गोदामाला व्यवस्थापक लागत नाही. कुलूप पुरतं."

मे महिन्यात स्वानंदचं लग्न होतं. केतकीच्या वडिलांनी 'कंत्राटी' हा शब्द मोठ्या मनाने गिळला होता. 'बेकार' त्यांच्या घशाखाली उतरला नसता.

रकाना ३. प्रेक्षक अन्यत्र जात असल्यास त्याची कारणे :

खालचं मैदान म्हणजे स्मशानभूमीच्या भिंतीला लागून असलेली मातीची पट्टी. कडेने कडुनिंबाची अकरा झाडं, झाडांखाली सिमेंटची बाकडी. स्वानंद पोचला तेव्हा तांड्याचा आणि गावाचा सामना रंगला होता. पाचसहाशे माणूस सहज असेल. अर्धी माणसं बाकड्यांवर बसली होती. अर्धी उभी होती आणि मध्ये रिकामी बाकडी असूनही उभी होती.

कोपऱ्यातल्या बाकड्यावर एक म्हातारा एकटाच बसला होता. पांढरा फेटा, गुडघ्यावर काठी. स्वानंद शेजारी टेकायला गेला आणि बाकड्याच्या पाठीवरची अक्षरं वाचून तसाच अर्धवट वाकून राहिला.

कै. पेमा सेवा राठोड यांच्या स्मरणार्थ.

"हे तुमच्या वडिलांचं का, बाबा?"

"न्हाई. माझंच हाय."

स्वानंद सरळ झाला.

"पोरं पुण्याला ऱ्हातेत," पेमाबाबा म्हणाले. "मी गेल्यावर ती बाकडं टाकतेत का न्हाई, कोनाला ठावं? म्हनून जित्तेपनीच टाकलं. तारीख तेवढी सोडली हाय. पेंटर म्हनला, घाई न्हाई."

"पण बाबा, तिकडे बाराशे खुर्च्या आहेत. पाठीला टेका आहे. तिकडे का येत नाही कोणी?"

"कोनाच्या हायेत त्या खुर्च्या?"

"सरकारच्या."

"काहून? सरकार मेलं काय?"

पलीकडच्या बाकड्यावरची माणसं हसली. मग एकेकाने समजावलं. इथे जो तो आपल्या माणसाच्या बाकड्यावर बसतो. आजोबाच्या, चुलतीच्या, गेलेल्या भावाच्या. जागेवरून भांडण नाही, कारण जागा कुणाच्या जाण्याने मिळालेली असते. ज्याच्या घरात कोणी गेलं नाही त्याने उभं राहायचं. सामने भरवणारा आणि पंच असलेला अमरसिंग तीस वर्षं उभाच होता.

"बाप गेला तवा हितं बाकडी नव्हती. आन् याडी माझी ब्यान्नव वर्सांची," अमरसिंग शिट्टी तोंडातून काढत म्हणाला. याडी म्हणजे त्याची आई. "अजून ज्वारीची भाकर खाती. तिला काई म्हनता येत न्हाई. पाय दुखतेत माझे, पन काय करता!"

"तुमच्या त्या ठिकानी आजून कोनी मेलंच न्हाई," पेमाबाबांची बायको चंदाबाई म्हणाली. ती भिंतीपाशी चहा विकत होती. "मग बसावं कोनापाशी?"

स्वानंदने तिसऱ्या रकान्यात लिहिलं : 'स्थानिक भावनिक कारणे.' मग ते खोडलं. मग लिहिलं : 'बाकडी.'

रकाना ४ आणि ५ ज्या पानावर होते ते पान साहेबांकडेच राहिलं होतं.

रकाना ६. सावलीची सोय : प्रस्तावित.

माणसं बाकड्यांमुळे येत असतील तर बाकडीच संकुलात आणावीत, हे स्वानंदच्या डोक्यात त्याच संध्याकाळी आलं. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. अमरसिंगने डोकं खाजवलं आणि अट घातली. अंतिम सामना संकुलात होईल, पण दिवस मावळायच्या आत एकूण एक बाकडं परत जागेवर.

"आन् पेमाबाबाला तुमीच विचारा," तो म्हणाला. "त्यो आला तर तांडा येतो. जवानीत त्याची पकड सुटली न्हाई कोनाला. आजबी सामन्यात वाद झाला तर त्याचाच शब्द."

पेमाबाबांनी लगेच होकार दिला नाही.

"तिकडं कडूलिंब हाय का?"

"लावायचा आहे, बाबा."

"मग सावली?"

"होईल."

"कधी?"

स्वानंदने फॉर्ममधला शब्द वापरला. "प्रस्तावित आहे."

पेमाबाबांना तो शब्द कळला नाही, पण स्वानंदच्या चेहऱ्यावरचं कळलं असावं. "नौकरीचं हाय काय तुमच्या?"

"हो, बाबा."

"मग न्या. माझं बाकडं जिथं, मी तिथं. मला दुसरीकडं बसायची सवय न्हाई."

रकाना ७. उपस्थिती वाढवण्यासाठी केलेले उपाय :

रविवारी सकाळी दोन ट्रॅक्टर बाकडी वाहू लागले. एकूण त्रेचाळीस. मैदानावर ती कशी मांडलेली होती हे कोणी लिहून ठेवलं नव्हतं; ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून स्वानंदला कोणी सांगितलं नाही. त्याने ती मॅटच्या चारी बाजूंनी मृत्यूच्या सालाप्रमाणे लावली. स्वच्छ, सरळ, कचेरीला शोभेल अशी. पेमाबाबांच्या बाकड्यावर साल नव्हतं, म्हणून ते शेवटी आलं. शेवटची जागा पूर्वेला होती, तोंड पश्चिमेकडे. दुपारी तीनचं ऊन थेट तोंडावर.

बांधावरून एकवीस वर्षं एकमेकांशी न बोललेली दोन घरं एकाच साली माणसं गेल्यामुळे शेजारी आली. दोन्ही घरांनी एकाच वेळी बाकडं उचललं आणि एकाच वेळी विरुद्ध दिशेला नेलं. वाटेत मॅट होती. अमरसिंगने शिट्टी वाजवून दोघांनाही मैदानाबाहेर काढलं.

तरी लोक येत राहिले. निळ्या खुर्च्यांकडे कोणी फिरकलं नाही, पण बाकड्यांभोवती, पायऱ्यांवर, रेलिंगला टेकून आठशे माणूस उभा राहिला. एप्रिलचं ऊन रबरी मॅटमधून वर येत होतं. खेळाडू चढाईला निघण्याआधीच नाचत होते. स्वानंदने वरून एकदा मोजलं, पुन्हा मोजलं आणि केतकीला फोटो पाठवला.

बरोबर चार वाजता लखमाचं बाकडं मोडलं.

लखमा म्हणजे चंदाबाईचा धाकटा भाऊ. सात वर्षांपूर्वी विहिरीत गेलेला. ट्रॅक्टरमध्ये बाकड्याला चीर पडली होती. त्याच्या तीन वहिन्या आणि दोन पोरं एकदम टेकली आणि बाकडं मधोमध फुटलं. 'कै. लख' एका बाजूला, 'मा' दुसऱ्या बाजूला.

चंदाबाई पेमाबाबांच्या बाजूची जागा सोडून धावत आली. ती जी रडायला बसली, ती सात वर्षांपूर्वीच्या पहिल्या दिवसासारखी. तिचं बघून वहिन्या. वहिन्यांचं बघून शेजारच्या बाकड्यावरच्या बायका. त्यांनाही आपापली माणसं होतीच. तीन मिनिटांत त्रेचाळीस बाकड्यांवर आक्रोश सुरू झाला. आणि त्याच वेळी साहेबांची जीप फाटकातून आत आली.

साहेबांनी खाली उतरून बघितलं. रडणाऱ्या बायका, गप्प उभे पुरुष आणि समोर 'कै.' 'कै.' 'कै.' अशी रांग. साहेब नोकरीत मुरलेले होते. त्यांनी गॉगल काढला, हात पुढे बांधले, मान खाली घातली आणि ते स्तब्ध उभे राहिले.

मोठा अधिकारी स्तब्ध उभा आहे म्हटल्यावर गॅलरी स्तब्ध झाली. बसलेले उठले. बायकांनी पदर तोंडात धरला. खेळाडूही जागच्या जागी उभे राहिले.

फक्त तांड्याचा जगन चढाईत होता. दम तोडला तर बाद. त्याने आवाज उतरवला आणि अतिशय आदराने कुजबुजत राहिला : "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." समोरचे चौघे मान खाली घालून उभे. जगनने चौघांच्याही खांद्याला हळूच, सांत्वन केल्यासारखा हात लावला आणि मध्यरेषेच्या अलीकडे येऊन तोही मान खाली घालून उभा राहिला.

दोन मिनिटं झाली. साहेबांनी मान वर केली.

"चार गुण!" अमरसिंग ओरडला.

"कशाचे चार?" गावाचा कप्तान धावून आला. "मेलेल्या मानसापायी उभे होतो आमी!"

"कोन मेलं पन?"

"ते आमाला काय ठावं? साहेब उभे ऱ्हायले!"

"मौनात पकडता येत न्हाई असं कुठं लिवलंय?"

"मौनात शिवता येतं असं कुठं लिवलंय?"

कॉलरला हात गेले. आठशे माणसं दोन भागांत ओरडू लागली आणि मग कोणीतरी म्हणालं तेच सगळे म्हणाले : "पेमाबाबाला विचारा! बाबाचा शब्द!"

गर्दी पूर्वेकडे वळली. पेमाबाबा बाकड्यावर बसले होते. सगळे उठले तेव्हाही ते उठले नव्हते, हे स्वानंदच्या आता लक्षात आलं. हनुवटी काठीवर टेकलेली. फेटा थोडा पुढे आलेला. चेहऱ्यावर पूर्ण ऊन.

"बाबा, चार का शून्य?" अमरसिंगने विचारलं. मग त्याने खांद्याला हात लावला आणि शिट्टी हातातून पडू दिली.

रकाना ८. अनुचित घटना :

"हे कोण?" साहेब गर्दीतून पुढे आले. साहेबांनी वाकून बाकड्याची पाठ वाचली. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा मोकळा झाला होता.

"हे तर आधीच वारलेत."

"सर, ते आत्ता..."

"औंढेकर, सिमेंटवर लिहिलंय. तारीख कुठाय?"

"रिकामी सोडली होती, सर."

साहेबांनी त्याला बाजूला घेतलं. "मग गेल्या आठवड्यातली टाका. आजची दिसली तर चौकशी लागेल आणि ती तुमच्यावर लागेल. गॅलरी मी भरलेली बघितली. तसा शेरा देतो. तुमचं काम झालंय, ते बिघडवू नका." आणि जीप गेली.

चंदाबाई पेमाबाबांच्या पायाशी बसली होती. ती रडत नव्हती.

"समदं रडनं त्या लखमाच्या बाकड्यावर सांडलं माझं," ती म्हणाली. "आता यांच्यासाठी काईच ऱ्हायलं न्हाई." मग तिने स्वानंदकडे बघितलं. "साहेब, तुमचं अक्षर चांगलं हाय म्हनतेत. तारीख तेवढी टाका."

मॅटच्या रेषांचा पांढरा रंग आणि ब्रश कपडे बदलायच्या खोलीत होता. दीड वर्षात पहिल्यांदा ते कुलूप उघडलं. स्वानंद बाकड्यामागे गुडघे टेकून बसला.

"कुठली टाकू?"

"कुठली म्हंजे?" चंदाबाईला प्रश्नच कळला नाही. "आज काय तारीख हाय?"

ब्रशवरून रंगाचा एक थेंब खाली पडला. दुसरा पडायच्या आत स्वानंदने त्या दिवसाची तारीख लिहिली. मग फॉर्म काढून आठव्या रकान्यात लिहिलं : एक.

शेरा :

कंत्राट संपल्याचं पत्र गुरुवारी आलं. रविवारी स्वानंद किल्ल्या द्यायला म्हणून संकुलात गेला. केतकीच्या वडिलांना अजून सांगायचं होतं.

फाटक उघडंच होतं आणि आत पाय ठेवायला जागा नव्हती. बेचाळीस बाकडी त्या संध्याकाळीच परत गेली होती, लखमाचं दोन तुकड्यांत. पेमाबाबांचं मात्र तिथेच होतं. जिथे माणूस गेला तिथून त्याचं बाकडं कसं हलवायचं? अर्धवट सामना त्यांच्यासमोरच पुरा करायचा असं तांड्याचं आणि गावाचं ठरलं होतं. आणि निळ्या खुर्च्या भरल्या होत्या. सरकारच्या खुर्चीवर कोणी बसलं नसतं, पण पेमाचे पाहुणे म्हणून बसायला कुणाची हरकत नव्हती.

अमरसिंग उभा होता. स्वानंद त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"आता तरी बसा की," तो म्हणाला.

"याडी हाय ना अजून," अमरसिंग म्हणाला. "आज सकाळी दोन भाकरी खाल्ल्या तिनं."

पूर्वेच्या बाकड्यावर चंदाबाई काळी छत्री घेऊन एकटी बसली होती. तिने हात केला. "ओ साहेब! उभे काहून?"

"नको, आजी. माझं इथं कोणी गेलेलं नाही."

चंदाबाई थोडी सरकली. बाकड्यावर एका माणसाची जागा झाली.

"हे गेले की तुमच्यापायी," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. नियम सांगावा तसं तिने सांगितलं. "तुमचा हक्क लागतो. बसा."

स्वानंद बसला. सिमेंट तापलेलं होतं. मॅटवर जगन दम भरून मध्यरेषेवर आला, आणि चंदाबाईने समोरून नजर न काढता छत्री अर्धी स्वानंदच्या डोक्यावर धरली.