शून्य मिलीलिटर तिखट

ज्या गोष्टीचं मोजमाप नसतं तिच्यावरून माणसं नुसती भांडतात. मोजमाप सुरू झालं की शास्त्रशुद्ध भांडतात. यालाच प्रगती म्हणतात. अमरावतीच्या वऱ्हाड ठेचा संवर्धन मंडळाने ही प्रगती अवघ्या वर्षभरात साधली, हे बाकीच्या महाराष्ट्राला अजून कळलेलं नाही. (बाकीच्या महाराष्ट्राला वऱ्हाडातलं बरंच काही कळलेलं नाही, पण तो या कथेचा विषय नव्हे.)

मागच्या उन्हाळ्यापर्यंत मंडळाची ठेचा स्पर्धा अगदी अडाणी पद्धतीने होत असे. परीक्षक चाखत आणि तोंडाला येईल ते बोलत. एक म्हणाला 'बम तिखट', दुसरा म्हणाला 'जबर तिखट', तिसरा म्हणाला 'भलताच तिखट'. बम मोठा की भलताच, यावर सभागृहात जी साधकबाधक चर्चा झाली तिच्यात दोन खुर्च्या कामी आल्या. म्हणून यंदा मंडळाने संख्याशास्त्राचे तरुण प्राध्यापक पुष्कर यांना पाचारण केलं.

वलगावच्या पार्बताबाईंना शास्त्राशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या वावरातली मिरची विहिरीच्या पाण्यावर आणि मे महिन्याच्या उन्हावर पोसलेली होती, आणि ती ठेचायला त्यांचा हात जड होता, एवढं त्यांना पुरेसं होतं. त्यांचा जीव अडकला होता बक्षिसात. पहिल्या क्रमांकाला अकोल्याच्या उन्हाळी वाळवण प्रदर्शनात चार दिवसांचा स्टॉल, राहण्याची सोय आणि दोन्ही वेळचं जेवण आयतं. पत्रकातला शेवटचा शब्द त्यांनी पुन्हा पुन्हा वाचला होता. दोन बाळंतपणं सोडली तर लग्न झाल्यापासून सलग चार दिवस त्यांनी दुसऱ्याच्या हातचं खाल्लेलं नव्हतं. हे त्यांनी घरात कोणाला सांगितलं नाही. नवरा देवराव स्पर्धेला निघताना एवढंच म्हणाले, "जाय, पन सांजच्या भाकरीपावतर ये."

स्पर्धेआधी प्राध्यापकांनी मोजमापाच्या चार पायऱ्यांवर व्याख्यान दिलं. सभागृहातला एकुलता एक कूलर प्राध्यापकांच्या दिशेला होता, त्यामुळे ते कुठेही न अडखळता बोलले.

पहिली पायरी नामिक. इथे आकडा म्हणजे नुसतं नाव. सात ताटल्यांना सात आकडे दिले गेले आणि पार्बताबाईंच्या वाट्याला सात आला.

"मंग सहावालीपेक्षा मी मोठी का जी?" त्यांनी विचारलं.

"नाही मावशी. सात हे फक्त तुमच्या ताटलीचं नाव."

"नाव हाये तं नावच लिवा न. पार्बता."

"नाव लिहिलं की पक्षपात होतो," प्राध्यापक म्हणाले. तोवर खजिनदार भगवंतरावांनी साती आकड्यांची सरासरी काढली होती. ती चार आली. चौथ्या ताटलीचा ठेचा मंडळाने तिथल्या तिथे 'सरासरी ठेचा' म्हणून घोषित केला. तो करणारी बाई रडत घरी गेली आणि स्पर्धेत सहा ताटल्या उरल्या.

दुसरी पायरी क्रमिक. ठेचा चिडवणारा, रडवणारा किंवा पळवणारा असतो. यात क्रम आहे, पण रडण्यापासून पळण्यापर्यंतचं अंतर सांगता येत नाही, कारण ते मोजायला कोणी थांबत नाही.

तिसरी पायरी अंतराल. यासाठी साथीच्या काळात घेतलेली कपाळावर रोखायची तापमापकाची बंदूक कपाटातून काढण्यात आली. ठेचा खाण्याआधीच सगळ्या सभागृहाला ताप निघाला, तेव्हा ती परत ठेवली. इथे अकोल्याच्या प्रदर्शनाचे आयोजक शेखरभाऊ उठले. "आमचं अकोला शेहेचाळीसवर हाये. तेवीसवाल्या गावापेक्षा दुप्पट गरम. लिवून घ्या." प्राध्यापकांनी समजावलं की तापमानातला शून्य माणसाने सोयीने ठरवलेला असतो, त्यामुळे दुप्पट म्हणता येत नाही. शेखरभाऊ मटकन खाली बसले. "तेवढंच तं होतं आमच्यापाशी," असं ते शेजाऱ्याला म्हणाल्याचं कळतं.

चौथी आणि सर्वोच्च पायरी गुणोत्तर. हिच्यात शून्य खरा असतो. शून्य म्हणजे तो गुण मुळातच नाही. इथे दुप्पट, तिप्पट, काय हवं ते म्हणावं. (शेखरभाऊंनी मान वर केली.) तिखटपणा या पायरीवर नेण्यासाठी प्राध्यापकांनी उपाय शोधला होता: परीक्षक ठेचा खाऊन किती पाणी पितो ते मोजायचं. पेले मोजले तर चल खंडित होतो, म्हणजे अर्ध्यामुर्ध्या घोटाचा हिशोब लागत नाही, म्हणून रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून खुणा केलेलं काचपात्र आणलं होतं. प्रत्येकाची तहान वेगळी, म्हणून परीक्षक एकच: निवृत्त वकील कमलाकांतराव, ज्यांचं तोंड भर कोर्टात न्यायाधीशही बंद करू शकले नव्हते.

कमलाकांतराव एकेक ताटली चाखत गेले. प्रत्येक ताटलीनंतर ताक, विश्रांती आणि त्यांचं थोडं भाषण. चारशे मिलीलिटर, साडेपाचशे, असा आकडा चढत गेला. अमरावतीच्या अनसूयाबाईंच्या ठेच्यात मीठ हात सुटून पडलं होतं. त्यावर वकीलसाहेब सोळाशे मिलीलिटर प्यायले. मंडळाने टाळ्या वाजवल्या. मिठाची नोंद करायला जागा नव्हती, त्यामुळे मीठ जास्त झालंच नाही असं धरण्यात आलं.

मग सातवी ताटली आली. कमलाकांतरावांनी भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवून तोंडात टाकला. पुढचं वाक्य बोलायला त्यांनी तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. डोळे भरले. कानांच्या पाळ्यांना संत्र्याचा रंग आला. उजवा हात पाण्याकडे निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. तो तिथेच राहिला.

प्राध्यापकांनी ठरलेला वेळ वाट पाहिली. मग काचपात्राकडे वाकून पाहिलं आणि लिहिलं: शून्य मिलीलिटर.

"सर, मानूस थिजला तुमचा," कोणीतरी मागून म्हणालं.

"ते निरीक्षणात येत नाही," प्राध्यापक म्हणाले. "आपण पाणी मोजतो आहोत."

निकाल लागला. अनसूयाबाई पहिल्या. भगवंतरावांनी विचारलं की त्यांचा ठेचा पार्बताबाईंच्यापेक्षा किती पट तिखट. प्राध्यापकांनी सोळाशेला शून्याने भागायला घेतलं, घाम पुसला आणि हे मोजता येत नाही असं सांगितलं. मंडळाने मानपत्रात 'मोजता येणार नाही इतका तिखट' असं नमूद केलं. पार्बताबाईंना सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं: तिखटपणा शून्य, शास्त्रीय पद्धतीने प्रमाणित.

पार्बताबाई ते हातात घेऊन जिन्यावर बसल्या. स्टॉल गेला, आयतं गेलं. तेवढ्यात कमलाकांतरावांच्या पत्नी कौशल्याबाई शेजारी येऊन टेकल्या. आत त्यांचे यजमान अजून हात उचलून बसले होते.

"अर्धा तास झाला, हे काही बोलले नाहीत," कौशल्याबाई हळूच म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून अशी शांतता नाही हो मिळाली. अजून आहे का तो ठेचा?"

"डबाभर हाये."

"मग असं करू. शेखरभाऊंकडे एक स्टॉल रिकामा आहे. या उन्हात अकोल्याला जातंय कोण? तो मी घेते. ठेचा तुमचा. जेवण दोघींचं हॉटेलात."

"अन् घरी काय सांगू जी?"

"तुम्ही कशाला सांगता? त्यांना विचारा," कौशल्याबाई म्हणाल्या आणि डब्याकडे पाहू लागल्या.

सांजच्या भाकरीपर्यंत पार्बताबाई घरी होत्या. त्यांनी देवरावांना ताट वाढलं, डाव्या बाजूला नेहमीच्या जागी ठेचा वाढला, आणि पहिला घास आत गेल्यावर विचारलं, "अजी, मी आता अकोल्याले जाऊन राहिली, चार दिवसांसाठी. तुमची काही हरकत?"

देवरावांनी तोंड उघडलं. हात पेल्याकडे निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला.

"बोला जी," पार्बताबाई म्हणाल्या. त्या पदर सावरत थांबल्या. प्राध्यापक थांबले होते त्याहून थोडं जास्तच थांबल्या, कारण प्राध्यापक घरचे नव्हते. मग उठून पिशवी भरायला गेल्या.

"बाबा काय म्हनले?" सून गीतांजलीने विचारलं.

"काईच नाई म्हनले."

अकोल्याच्या स्टॉलवर प्रमाणपत्र चौकटीत लावलं होतं. शास्त्रावर भरवसा असलेली शिकलेली माणसं ते वाचत, निश्चिंत होऊन मोठा घास घेत आणि शांतपणे पुढच्या स्टॉलकडे जात. दोघी खुर्चीवर बसून हॉटेलातली भाजी कशी बिघडली आहे यावर तासन्‌तास बोलत, आणि बिघडलेली ती भाजी ताट पुसून खात. शेवटच्या दिवशी प्राध्यापक आले आणि त्यांनी तक्रारपेटी उघडली. आत एकही चिठ्ठी नव्हती.

"शून्य," ते समाधानाने म्हणाले. "आणि हा खरा शून्य आहे, मावशी."

"व्हय जी," पार्बताबाई म्हणाल्या. "ठेचा घेता का थोडा?"

त्यांनी घेतला. त्यावर त्यांचं मत उपलब्ध नाही.

या यशानंतर मंडळाने घरोघरी पाहणी सुरू केली आहे. कर्त्या पुरुषाला प्रश्न एकच: आजवर तुमच्या स्वयंपाकघरातून किती तक्रारी आल्या? पहिल्या फेरीत सगळ्यांनी छाती फुगवून शून्य सांगितलं. तुमच्याही घरचा आकडा तोच असणार, मंडळातर्फे अभिनंदन. फक्त तो लिहून देण्याआधी आज ताटात डावीकडे काय वाढलंय ते एकदा पाहून घ्या. आणि पाण्याचा पेला हाताशी आहे म्हणून निर्धास्त राहू नका.