चौदा नंबरची सात मिनिटं

मी छातीठोकपणे सांगते, कोबोलला मरण नाही!

कोबोल म्हणजे संगणकाशी बोलायची एक भाषा. वयानं आजीबाईच म्हणा, साठी कधीच उलटली. आमच्या बस आगारातल्या ऐंशी गाड्यांचं वेळापत्रक याच भाषेत लिहिलेलं आहे, आणि ते लिहिलंय मी! आगारात टायपिस्ट म्हणून आले होते. कपाटाखाली टेकू म्हणून सरकवलेलं एक जाडजूड पुस्तक ओढून काढलं, वाचलं आणि आपलं आपण शिकले. कपाट तेव्हापासून डुगडुगतंय, पण गाड्या वेळेवर सुटतात.

एक दिवस साहेब कुठल्याशा परिषदेहून परतले. परिषदेहून आलेला साहेब आणि माहेरहून आलेली सून, दोघांनाही आठवडाभर इथलं काही धड दिसत नाही!

"कोबोलचे दिवस भरले," साहेब म्हणाले. "आता पायथन! नवी भाषा!"

"पण का?"

"जग पुढं गेलंय, बाई."

"आपल्या गाड्याही जातायत की पुढं. वेळेवर!"

"मुद्दा तो नाही."

मुद्दा काय होता, हे परिषदेत त्यांनाही कुणी सांगितलं नसावं.

नवी भाषा आणायला एक मुलगी नेमली. तिची बोटं कळफलकावर अशी नाचायची की दोन दिवसांत सगळे तिला बिजली म्हणायला लागले. माझ्या प्रोग्रामची एकेक ओळ वाचायची, मला तिचं कारण विचारायचं आणि ती पायथनमध्ये उतरवायची, हे तिचं काम. ते संपलं की कोबोल बंद, आणि माझी बदली हरवलेल्या सामानाच्या खोलीत. बावीस वर्षं ऐंशी गाड्या हाकून शेवटी बेवारस छत्र्यांच्या पंगतीला!

"काकू, बसू का इथं?" बिजलीनं विचारलं.

काकू! मी तिच्याकडं असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर 'मॅडम' म्हणाली असती. ही खुर्ची ओढून बसली.

मी ठरवलं, हिला दाखवूनच द्यायचं. "माझ्या प्रोग्राममध्ये एक ओळ उगाच नाही," मी म्हणाले. "प्रत्येकीला कारण आहे. विचार कुठलीही!"

माणसानं इतकंही बोलू नये.

"ही बघा," बिजली म्हणाली. "संध्याकाळी पाच चाळीसची चौदा नंबर फाटकाबाहेर सात मिनिटं थांबते. फक्त तीच. का?"

ही ओळ मी पार विसरले होते! मुलगी पाळणाघरात होती तेव्हाची गोष्ट. माझं काम पाच पंचेचाळीसला उरकायचं, चौदा नंबर पाच चाळीसला निघून जायची आणि पाळणाघरातल्या बाई दारात मनगटावरचं घड्याळ दाखवत उभ्या असायच्या. एका संध्याकाळी मी रडकुंडीला येऊन ती एक ओळ टाकली. दुसऱ्या दिवसापासून अख्खी बस माझी वाट बघायला लागली. मुलगी मोठी झाली, बस मात्र रोज इमानदारीत थांबत राहिली!

आता हे त्या कार्टीला सांगू?

"ब्रेक," मी म्हणाले.

"ब्रेक?"

"तापतात. दिवसभर धावून. थंड व्हायला सात मिनिटं लागतात. शास्त्र आहे ते."

बिजलीनं वहीत लिहून घेतलं. मग पेन गालाला टेकवून म्हणाली, "पण काकू, ब्रेक तर सगळ्याच गाड्यांचे तापत असतील ना?"

इथं गप्प बसायला हवं होतं. पण जीभ! "तेच तर!" मी म्हणाले. "जुन्या भाषेत अनुभव असतो. तुमच्या पायथनला हे सुचलं असतं का?"

"नसतं," ती अगदी मनापासून म्हणाली.

सगळ्या ओळींची कारणं विचारून व्हायच्या आतच, सोमवारी साहेबांनी पायथन सुरू केलं. बिजली आठवडाभर चाचणी मागत होती. "चाचणी जुन्या गोष्टींना लागते," साहेब म्हणाले. "हे आधुनिक आहे!"

आधुनिक वेळापत्रकाप्रमाणे पहिली गाडी निघाली आणि फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. तिच्यामागं दुसरी. मग तिसरी. ऐंशीच्या ऐंशी गाड्या, दर फेरीला, सात-सात मिनिटं! नऊ वाजेपर्यंत रांग चौकापर्यंत गेली. इस्पितळातल्या रात्रपाळीच्या नर्सना घरी जाता येईना, दिवसपाळीच्या पोचेनात. खुद्द साहेबांची मोटार सदतीस नंबरच्या मागं अडकली.

"गाडी का हलत नाही?" साहेब ओरडले.

"ब्रेक थंड करतोय, साहेब," ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला. "वरून हुकूम आहे."

"अरे, पण गाडी आत्ताच तर निघाली!"

"म्हणूनच लवकर थंड होतील!"

दुपारी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "पायथन संथ भाषा आहे," ते म्हणाले. "मी परिषदेतच म्हणालो होतो! आपली कोबोलच खरी. बाईंचा सत्कार करू." मग बिजलीकडं न बघता म्हणाले, "तुम्ही उद्यापासून नाही आलात तरी चालेल."

मी जिंकले होते! कोबोल जिंकली होती!

घरी ह्यांना सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"म्हणजे तुझ्या सात मिनिटांपायी त्या पोरीची नोकरी जाणार."

"पायथनपायी!"

"ब्रेक पायथननं तापवले?"

माणूस एरवी दिवसाला चार वाक्यं बोलतो. त्यातली दोन नेमकी अशी!

सकाळी गेले तर बिजली आपला कप कागदात गुंडाळत होती. "काकू," ती म्हणाली, "तुमच्या भाषेत शहाणपण आहे. मलाच ते नीट उतरवता आलं नाही."

त्यापेक्षा तिनं कप डोक्यात घातला असता तर बरं! तडक साहेबांच्या खोलीत शिरले आणि सगळं ओकून टाकलं.

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "म्हणजे सरकारी बस तुमच्यासाठी थांबायची?"

"हो."

"कधीपासून?"

"मुलगी पाळणाघरात होती तेव्हापासून."

"आता काय करते?"

"नोकरी. परवाच बढती मिळाली तिला."

साहेब पाणी प्यायले. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, अशा आणखी किती ओळी आहेत?"

मी खूप विचार केला. "आठवत नाही," म्हणाले. दुर्दैवानं हेही शंभर टक्के खरं होतं.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. प्रोग्राम दोन लाख ओळींचा आहे! त्यांनी लगेच फर्मान काढलं: प्रत्येक ओळीचं खरं कारण कळेपर्यंत जुन्या प्रोग्रामला कुणी बोट लावायचं नाही. बाईंनी जागा सोडायची नाही. बिजलीनंही जायचं नाही, बाईंच्या शेजारीच बसायचं आणि त्यांनी सांगितलेल्या एका शब्दावरही विश्वास ठेवायचा नाही. सत्कार अर्थातच रद्द.

तर कोबोलचं भवितव्य असं उज्ज्वल झालं. भाषा चांगली म्हणून नव्हे, मी कशी आहे ते कळलं म्हणून!

काल आम्ही तीनशेबाराव्या ओळीवर पोचलो.

"काकू," बिजली म्हणाली, "एकोणीस नंबर दर बुधवारी शिवणवर्गाच्या गल्लीतून का जाते?"

"ती सोड गं," मी म्हटलं. "पुढची बघ."

पुढची त्याहून वाईट निघाली.