सतरा नंबरचं सीताफळ

बमरोलीच्या आमच्या घरांच्या लाइनीत झाडावरच्या फळांना कपडे घालणारा माणूस एकच, दामूनाना. कापडाच्या प्रोसेस हाउसात तीस वर्षं माल तपासून ते निवृत्त झाले आणि परसातलं एकुलतं एक सीताफळाचं झाड तपासू लागले. प्रत्येक फळाला जाड कापडाची पिशवी, पिशवीवर शाईने नंबर आणि शेरा. त्या वर्षी तेवीस होती. मी स्टोअरकीपर. आमच्या खिडकीतून मीही रोज मोजत असे.

निर्दोष फळ ‘फ्रेश’, डाग असलेलं ‘सेकंड’. सेकंड आम्हा शेजाऱ्यांना. फ्रेश शिरपूरला दिलेल्या मुलीला, छायाला.

माणसंही या शेऱ्यातून सुटत नसत. माझे नवे बूट पाहून म्हणाले, “भाऊ, सेकंड दिला तुम्हाले.” छायाच्या लग्नात भर मांडवात जावयाला खालीवर न्याहाळून म्हणाले, “कापड बरं आहे, पण सेकंड.” सगळे हसले. जावई हसला नाही. त्यानंतर तीन हंगाम छाया आली नाही. तिची फळं झाडावरच फुटत आणि साळुंक्या खात.

आमची लता सातव्या महिन्यात माहेरी आली होती. दसऱ्याआधी एका सकाळी परसातून आवाज आला, “पंधरा, सोळा, अठरा... सतरा कुठंय?”

नाना दारोदार फिरले. शेजारच्या शांताबाईंना म्हणाले, “तुमच्या ओट्यावरून हात पोचतो. सतरा फ्रेश होतं!”

“मग पोलीस बोलवा ना! माझे डबे उघडून बघा!” शांताबाईंना रडू फुटलं.

मी बायकोकडे पाहिलं. तिने तांदळाच्या डब्याकडे पाहिलं. मी डब्यात हात घातला. सीताफळ दगडासारखं घट्ट होतं.

मी ते नानांपुढे धरलं. त्यांनी अंगठ्याने दाबलं. “डोळे उघडले नव्हते याचे. आता हे पिकायचं नाही. कोणी तोडलं?”

“मी.”

“तुम्ही? माझा उडालेला रुमाल घडी करून परत देणारे तुम्ही?”

तेवढ्यात लता पुढे आली. “मी तोडलं, नाना. राहवलं नाही.”

नाना तिच्याकडे पाहत राहिले. आता शेरा येणार, असं मला वाटलं. पण ते वळले. शांताबाईंच्या दारात थांबून त्यांनी हात जोडले आणि ते परसात गेले.

परत आले ते चार नंबरचं फळ घेऊन. झाडावरचं सर्वांत मोठं. पिशवीवरचं ‘फ्रेश’ खोडून वर ‘सेकंड’ लिहिलेलं, शाई अजून ओली.

“हे छायाचं ना?” लताने विचारलं.

“सेकंड आहे, पोरी. सेकंड माल परत घेत नाहीत.” दारातून ते पुन्हा वळले. “तुझा नवरा न्यायला आला की मला हाक मार. बघायला येईन. काही बोलणार नाही.”

ते गेल्यावर मी पिशवी सोडली. फळ हातात घेऊन दोनदा सगळीकडून फिरवलं. डाग कुठेच नव्हता.