डाव्या हाताचा पंखा

"या रविवारच्या आत पंखा बदलायचाच," असं कप्तानांनी सोमवारी सकाळी हातातल्या चहाच्या कपाला सांगितलं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

कप्तान म्हणजे काही खरेखुरे कप्तान नव्हेत. पाणीपुरवठा खात्यात ते अर्जांवर शिक्के मारत. (म्हणजे पाण्याशी संबंध अगदीच नव्हता असं नाही.) पण सुट्टी आली की सासऱ्यांची मासेमारीची होडी घेऊन ते समुद्रावर जात. 'कप्तान' ही पदवी त्यांना बायकोने दिलेली होती. कोणत्या सुरात दिली होती ते मात्र कप्तान सोयीस्करपणे विसरले होते.

बायको ओट्याशी उभी होती. पंख्याचं नाव ऐकून तिचा हात थांबला. स्वयंपाकघरातला छताचा पंखा कुरकुरतोय, वारा लागत नाही, हे गाऱ्हाणं ती कधीपासून घालत होती.

"खरंच बदलताय?"

"मग? किती दिवस चालवून घ्यायचं? नुसता आवाज करतो, जोर काही नाही."

"मी तेच सांगतेय. घामाघूम व्हायला होतं हो."

"तुला कशाला घाम येईल? दोरी तर मी ओढतो."

(दोरीचं तिला कळलं नाही, पण नवरा स्वतःहून काही आणतोय म्हटल्यावर तिने खोलात जायचं टाळलं.)

"मग पांढरा आणा. भिंतींना शोभेल."

"पाण्याखाली काय शोभायचंय?"

"पंखा पाण्याखाली कशाला जाईल?"

"अगं, मग होडी काय हवेत चालवू?"

तिने हातातला चमचा ओट्यावर ठेवला. वर छताचा पंखा कुरकुरत राहिला.

"होडीला पंखा. बरं," एवढंच ती म्हणाली आणि तिने अबोला धरला. तिच्या अबोल्याची तऱ्हा अशी की ती बोलायची, पण भांड्यांशी. "मीठ संपलंय म्हणे," असं ती कढईला सांगायची आणि कप्तान मुकाट्याने पिशवी उचलायचे.

एरवी त्यांनी केव्हाच शरणागती पत्करून छताचा पंखा आणला असता. पण हा आठवडा वेगळा होता. सासरेबुवांचे गुडघे आता होडीत चढू देत नव्हते, त्यामुळे होडी कोणाला तरी देऊन टाकायची त्यांनी ठरवलं होतं. धक्क्यावरचा बर्फवाला तिच्यावर डोळा ठेवून होता. मोठ्या बोटींना बर्फ पोचवायला त्याला ती हवी होती. सासरेबुवा कप्तानांना म्हणाले होते, "जावईबापू, रविवारी मला एक फेरी मारून दाखवा. होडी नीट राखलेली दिसली तर ती घरातच राहील. नाहीतर बसू दे तिला बर्फ वाहत."

आणि होडी नीट राखलेली नव्हती. कप्तानांनी खडकाला घासून इंजिनच्या पंख्याची पाती कुरतडून ठेवली होती. इंजिन नुसतं बोंबलायचं, होडी अंगात आल्यासारखी थरथरायची आणि जागची हलायची नाही. ती बर्फवाल्याकडे जाणार या विचाराने कप्तानांना जेवण गोड लागेना. ऑफिसात त्यांना कोणी विचारत नव्हतं, विचारत होते ते त्यांच्या शिक्क्याला. होडीत बसले की मात्र ते कोणीतरी असत. ती गेली तर 'कप्तान' या शब्दात उरणार होता तो फक्त बायकोचा सूर.

तेव्हा त्यांनी पंख्याचा अभ्यास आरंभला. आता कप्तानांचा अभ्यास म्हणजे आजूबाजूच्यांना शिक्षा. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी हेडक्लार्कांना धरलं. "साहेब, पंखा पाण्यात स्क्रूसारखा शिरतो. एका गिरकीत किती पुढे सरकेल, तो त्याचा पिच. पिच मोठा घेतला की वेग मिळतो, पण जाळी, माणसं, मासळी भरली की इंजिनला धाप लागते. आपल्याला ओझं ओढायचंय, शर्यत लावायची नाही. तेव्हा पिच लहान." हेडक्लार्क 'हो हो' म्हणत डबा घेऊन दुसऱ्या खोलीत गेले. पण खोटं कशाला बोला, कप्तान म्हणत होते त्यातलं अक्षर न् अक्षर बरोबर होतं.

शनिवारी ते दुकानात गेले. छातीशी जुना पंखा आणि चेहऱ्यावर असा भाव, की दुकानदाराने कठीण प्रश्न विचारावाच. दुकानदार शिडीवर चढून वरच्या फळीवर शोधत होता. व्यास किती, विचारलं, कप्तानांनी सांगितला. पिच? तोही सांगितला, वर कारणही सांगितलं. पाती किती? "तीन. चार घेतली तर आमच्या इंजिनला जड जातील." दुकानदाराने शिडीवरून वळून बघितलं. असं चोख गिऱ्हाईक त्याला रोज भेटत नसावं. कप्तानांची मान आणखी ताठ झाली.

मग त्याने शेवटचा प्रश्न विचारला.

"उजव्या हाताचा देऊ, की डाव्या?"

कप्तानांनी छातीशी धरलेला जुना पंखा हळूच खाली ठेवला. कप्तान डावखुरे होते. लहानपणी डाव्या हाताने जेवले म्हणून धपाटे खाल्लेले, डाव्या हाताने लिहिलं म्हणून शाई पुसलेली. कात्री उजव्यांची, खिसे उजव्यांचे, ऑफिसातलं शाईचं पॅडसुद्धा खिळा ठोकून उजवीकडे बसवलेलं. उभ्या आयुष्यात त्यांना कोणी विचारलं नव्हतं, की बाबा रे, तुझा हात कोणता.

"डावा," ते म्हणाले.

"नक्की ना? डावा फारसा कोणी नेत नाही."

"आम्ही असतोच कमी," कप्तान अभिमानाने म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी तो चकचकीत पंखा जेवणाच्या टेबलावर अशा जागी ठेवला, की बायकोला ताट मांडताना तो उचलावाच लागावा. तिने उचलला. ती होडीवाल्याची मुलगी. चालायला शिकली ती होडीतच. तिने पंखा हातात फिरवला, पात्यांचा कल बघितला, पुन्हा फिरवला. तिच्या कपाळाला आठी पडली आणि तिने तोंड उघडलं.

"काय, बोल ना. खास डावखुऱ्यांसाठी आहे," कप्तान म्हणाले.

तेवढ्यात तिला अबोला आठवला. तिने तोंड मिटलं, पंखा बाजूला ठेवला आणि ताटाला सांगितलं, "काही माणसांना सगळं कळतं." कप्तानांना वाटलं, कौतुकच केलं.

संध्याकाळी त्यांनी नवा पंखा स्वतः बसवला, तोही डाव्या हाताने. चालवून मात्र बघितला नाही. बर्फवाल्याने आधीच बघितला तर रविवारची मजा काय राहणार?

रविवारी धक्का माणसांनी भरला होता. बर्फवाला आपल्या खोक्यांवर बसून होता. सासरेबुवांना धरून धरून होडीत बसवलं. बायकोही आली होती, पण ती धक्क्यावरच, तोंड मिटून उभी राहिली. कप्तानांनी दोरी ओढली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. थरथर नाही, बोंब नाही. कप्तानांनी एकदा सगळ्या धक्क्यावरून नजर फिरवली, गिअर फॉरवर्डला टाकला आणि होडी निघाली.

मागे.

अगदी झोकात मागे निघाली. दोन नांगरलेल्या होड्यांच्या मधून, कोणाला न लागता.

"जावईबापू, मागे कुठे?" सासरेबुवांनी विचारलं.

"आधी थोडी मागे घेतो," असं म्हणून कप्तानांनी वेग वाढवला. होडी आणखी जोरात मागे गेली. धक्क्यावर कोणीतरी हसलं. दुसरा कोणी असता तर त्याने इंजिन बंद केलं असतं. पण समोर सासरे, पलीकडे बर्फवाला, जायचं कुठे? त्यांनी मनातल्या मनात सगळ्यांची माफी मागून गिअर रिव्हर्सला टाकला.

होडी पुढे निघाली, आणि अशी निघाली म्हणता, की बस्स. पाणी कापत, ताठ, सरळ. असं का होतंय ते कप्तानांना कळत नव्हतं, पण होतंय ना, मग कळायची घाई कशाला? त्यांनी भर समुद्रात मोठं वळण घेतलं. वारा तोंडावर येत होता आणि सासरेबुवांनी चक्क डोळे मिटले होते.

"पिच बरोबर निवडलात," ते म्हणाले.

कप्तानांना वाटलं, आता या क्षणी मेलो तरी चालेल. ती सोय लगेच होण्याची चिन्हं दिसू लागली, कारण धक्का जवळ येत होता. होडी थांबवायची तर रिव्हर्स टाकायचा, ही वर्षानुवर्षांची सवय. रिव्हर्स तर टाकलेलाच होता. तेव्हा त्यांनी, गडबडीत, तोच आणखी वाढवला. होडी उसळली आणि बर्फवाल्याच्या खोक्यांच्या दिशेने सुसाट सुटली. बर्फवाला उठून पळाला.

"अहो, फॉरवर्ड टाका!"

हा आवाज धक्क्यावरून आला, बायकोचा. अंगावर येणाऱ्या होडीला बाई 'फॉरवर्ड' सांगते म्हटल्यावर लोक तिच्याकडे बघायला लागले. पण कप्तानांनी विचार केलाच नाही. बायकोने सांगितलं की आधी करायचं आणि मग विचार करायचा, असंच त्यांचं लग्न टिकलं होतं. त्यांनी फॉरवर्ड टाकला. होडीने पाणी घुसळलं, ती कण्हली आणि पायरीच्या वीतभर अलीकडे थांबली.

"एकाच इंजिनाच्या होडीला कोणी डाव्या हाताचा पंखा बसवतं का?" बायको पायऱ्या उतरत म्हणाली. "तो पंखा जोडीतल्या उलटं फिरणाऱ्या इंजिनाचा असतो. हात पंख्याचा बघतात, माणसाचा नाही."

"मग कालच का नाही बोललीस?"

"मी बोलत नव्हते ना."

सासरेबुवा हसता हसता खोकायला लागले. "मला निघतानाच कळलं होतं," ते म्हणाले. "म्हटलं, बघू या गडी काय करतो. हातपाय गाळले नाहीत. उलट्या पंख्यावर सुलटी फेरी मारून आणलीत मला. असा माणूस माझ्या बघण्यात नाही." मग बर्फवाल्याकडे वळून म्हणाले, "तू दुसरी होडी बघ बाबा. ही घरातच राहणार."

कप्तानांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. चार माणसांत त्यांच्याबद्दल कोणी असं कधी बोललं नव्हतं. ते सासऱ्यांच्या पाया पडायला वाकले, तेवढ्यात सासरेबुवा लेकीला म्हणाले, "होडी तुझ्या नावावर करतो. यांना चालवू दे. फक्त हे परत येताना तू धक्क्यावर उभी राहत जा."

तेही कप्तानांना चाललं. दुकानात जाऊन त्यांनी पंखा बदलून आणला, पिच तोच, हात उजवा. येताना न सांगता छताचा पंखाही आणला, पांढरा. वायरमनला न बोलावता स्वतःच स्टुलावर चढून त्याच्या वायरी जोडल्या, कारण होडीच्या पंख्यानंतर घरचा पंखा म्हणजे काय मोठंसं? मग त्यांनी बायकोला बरोबर पंख्याखाली उभं केलं आणि डाव्या हाताने ऐटीत बटण दाबलं.

पंखा छान फिरला. कुरकुर नाही की थरथर नाही. बायको पदर सावरून वाऱ्याची वाट बघत राहिली. वरची जळमटं मात्र छताला चिकटून फडफडायला लागली. सगळा वारा वर चालला होता.

बायकोने एकदा छताकडे बघितलं, एकदा कप्तानांकडे.

"हाही डावखुराच आणलात का?" तिने विचारलं.